बिनकेळ्याचा शिरा

आमची लेक पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढली. तेव्हा कोळशाची इंजिनं होती. दोरीवर वाळत घातलेली तिची दुपटी दुपारपर्यंत काळपट व्हायची आणि मी ती पुन्हा धुवायची. त्या धुराचा वास अजून मला हवाहवासा वाटतो.

मला दूध कमी, म्हणून लेकीला लवकरच बाटली लावली. बाटलीच्या रबरी निपलानं तिच्या ओठांभोवती लाल चट्टे उठत. उन्हाळा आहे, लेकराची कातडी नाजूक आहे, असं म्हणून सासूबाई खोबरेल लावत. मलाही ते पटत असे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये वसमतकडची एक बाई राहायची. तिला मूलबाळ नव्हतं, आणि आमच्या लेकीचा भारी लळा. माझा स्वयंपाक होईपर्यंत लेक तिच्याच कडेवर असे. मागच्या अंगणातलं दोन्ही घरांमधलं फाटक दिवसभर उघडं राहायचं.

तिच्या माहेरी केळीची बाग होती. लेक बसायला लागली तेव्हा तिनं तिकडून हौसेनं केळी आणली, एक वाटीत कुस्करलं आणि आमच्या ओट्यावर बसून चारलं. लेक मिटक्या मारत होती. थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. आम्ही धावतच दवाखाना गाठला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं तेव्हा उतार पडला.

घरी आल्याआल्या सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मूल नसलेल्या बाईची नजर लागली, हे त्यांच्या मनानं घेतलं. तिला तोंडावर त्या काही बोलल्या नाहीत. फक्त फाटकाला कडी घातली. नळावर ती मला हळूच विचारायची, लेकरू कसं हाय? मी बरं आहे म्हणायची आणि घागर उचलून निघायची.

पहिल्या वाढदिवसाला माझ्या भावानं फुगे आणले. लेकीनं एक फुगा गालाशी धरला, मग चोखला. पुन्हा ओठ सुजले, डोळे सुजले, अंगावर गांधी आल्या. गावातल्या डॉक्टरांनी पुन्हा इंजेक्शन दिलं आणि परभणीला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवून या म्हणाले. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसटी बंद होत्या, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं गेलो. सासूबाईही सोबत आल्या.

त्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे विचारलं. मी बाटलीचं, केळ्याचं, फुग्याचं सांगितलं. ते म्हणाले, "केळ्याचा आणि रबराचा संबंध काय, ते मला नक्की सांगता यायचं नाही. पण हिला दोन्ही सोसत नाही. दोन्ही बंद करा."

पुढं लेक मोठी झाल्यावर कळलं, की रबराच्या झाडाचा चीक आणि केळं यांच्यात काही प्रथिनं सारखी असतात. एकाची ॲलर्जी असली की कधी कधी दुसऱ्याचीही होते. आजही दवाखान्यात गेली की ती आधी रबरी हातमोज्यांचं सांगते.

परतीच्या गाडीत सासूबाई लेकीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मिरखेल स्टेशन गेल्यावर म्हणाल्या, "मंग फुग्याला कुणाची नजर होती?"

दुसऱ्या दिवशी नळावर मी शेजारणीला केळ्याचं आणि रबराचं सांगितलं.

बाटली गेली, लेक वाटी-चमच्यानं दूध प्यायला लागली. श्रावणात घरी सत्यनारायण होता. प्रसादाच्या शिऱ्यात केळं दिसेना, तेव्हा भटजींनी विसरलात का म्हणून विचारलं. सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक, पण म्हणाल्या, लेकरालाही परसाद खाता आला पाहिजे, देव समजून घेईल.

आरती झाल्यावर त्यांनी एक वाटी भरली आणि फाटकाची कडी काढली. मी लेकीला घेऊन मागं उभी होते. शेजारीण दारात आली.

"माझं चुकलं, पोरी," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्याबद्दल लय वंगाळ मनात आणलं."

तिनं वाटी घेतली, डोक्याला लावली. "यात केळं न्हाई ना?"

"न्हाई."

तिचे डोळे भरून आले होते. सासूबाईंनी लेकीला माझ्याकडून घेऊन तिच्यापुढं धरलं. "थांबा, सकाळी केळं सोललंय," ती म्हणाली. तिनं आधी मोरीत जाऊन हात साबणानं धुतले, पदराला पुसले आणि मग लेकीला कडेवर घेतलं.