न धुतलेली दांडी

सगुणाचं डोकं एरवी सहसा तापत नाही. पण त्या आठवड्यात तापलं, ते अजून निवलेलं नाही.

करावे गावची ही बाई नऊ वर्षं महापेच्या एका रिसर्च कंपनीत मार्मोसेट सांभाळते. मार्मोसेट म्हणजे ओंजळीत मावतील एवढी माकडं. म्हातारपणावर आणि स्मृतिभ्रंशावर औषध शोधायला तिथं त्यांची पैदास करतात. पिल्लं बहुतेक जुळी होतात आणि बाप त्यांना पाठीवर घेऊन हिंडतो. सगुणा ज्याला आजोबा म्हणायची, त्या नरानं अशी बारा पिल्लं वाढवली होती. तो तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातावर कधी आला नाही.

पिंजरा धुण्याची तिची एक रीत होती. सगळं घासायचं, पण माकडांची बसायची एक लाकडी दांडी त्या दिवशी सोडायची. ही माकडं वासानं आपलं घर ओळखतात, सगळाच वास गेला की बावरतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून कळलं होतं.

मग आले नवे साहेब, निशांत. वय तीस, तोरा साठीचा. तपासणी येणार म्हणून त्यांनी सगळे पिंजरे एकाच दिवशी जंतुनाशकानं धुवायला लावले, दांड्याही नव्या बसवल्या. सगुणानं सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण? तिनं आजोबाची जुनी दांडी तेवढी आपल्या कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी आजोबाच्या आठवणीची परीक्षा होती. पिवळ्या झाकणाखाली त्याचा आवडता डिंक, निळ्याखाली काही नाही. वर्षभर बिनचूक ओळखणारा आजोबा झाकणांकडे फिरकलाच नाही, कोपऱ्यात गरगरत राहिला. साहेबांनी कागदावर लिहिलं, स्मृतिभ्रंश. तसं लिहिलं की पुढं मरणाचं इंजेक्शन आणि मेंदूचे काप.

"इसरला नाय तो!" सगुणा भडकली. "घर धुऊन टाकलं तुमी त्याचं!"

तिनं भांडून पुन्हा परीक्षा घ्यायला लावली. जुनी दांडी बसवली. आजोबानं ती हुंगली, तिच्यावर बूड टेकलं आणि दहापैकी दहा वेळा पिवळं झाकण उचललं.

"वा, सगुणाताई!" साहेब खूश झाले. "म्हणजे याचा मेंदू ठणठणीत आहे. तुलनेसाठी असाच एक म्हातारा हवा होता. शुक्रवारी घेऊ."

सगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. विसरला तरी मरण, आठवलं तरी मरण! आणि हे दुसरं मरण तिनंच भांडून आणलं होतं.

शुक्रवारी आजोबा पिंजऱ्यात कुणाच्या हाती लागेना. जाळी आणली, तसा तो किंचाळायला लागला. शेवटी तिलाच बोलावलं. तिनं हात पुढं केला नाही. जुनी दांडी काढून पुढं धरली. आजोबा तिच्यावर येऊन बसला, शांत झाला. तिनं दांडीचं दुसरं टोक साहेबांच्या हातात दिलं.

"धरा. आता तुमीच न्या त्याला."

साहेबांनी दांडी धरली. आजोबा सगुणाकडेच बघत होता.