इवाओची तीनचाकी

तोकुमात्सुचं उत्तर ठरलेलं होतं. शहरातून एखादा गाडीवेडा यायचा, बरोबर लाल घेवड्याच्या गोड वड्यांचा डबा आणायचा, गोदामामागच्या त्या तीनचाकी ट्रकभोवती दहा चकरा मारायचा आणि कमरेत वाकून विचारायचा, "विकता का?" तोकुमात्सु डबा ठेवून घ्यायचा आणि म्हणायचा, "गाडी दादाची आहे. दादा आला की विचारून सांगतो."

दादा म्हणजे इवाओ, आणि त्याला घर सोडून पन्नास वर्षं झाली होती. गावात कुणी काम टाळायला लागला की लोक म्हणत, "काय रे, दादा आला की विचारून सांगतोस का?" तोकुमात्सुही हसायचा. पण हा दादा जिचा नवरा होता ती बाई घरात भांडी घासत हे ऐकायची, आणि तिला एकदाही हसू आलं नाही.

तिचं नाव मिनेको. आकिताच्या डोंगरातल्या या घरात ती बाविसाव्या वर्षी सून म्हणून आली, ती याच ट्रकमध्ये बसून. स्टिअरिंगच्या चाकाऐवजी मोटारसायकलसारखं हँडल, पुढे एकच चाक, पाठीमागे भाताची पोती. इवाओ गाडी चालवताना मोठ्यानं गायचा, आणि अगदी बेसूर गायचा. दोन वर्षं बरी गेली. मग एका शरद ऋतूत भात कापून झाल्यावर गावातले सगळे पुरुष जायचे तसा तोही तोक्योला बांधकामावर मजुरीला गेला. जाताना गाडी गोदामामागे लावली आणि धाकट्या भावाला म्हणाला, "हात लावू नकोस, बर्फ वितळलं की येतो." बर्फ वितळलं, गावचे सगळे परत आले, इवाओ तेवढा आला नाही. पुढे दोन वर्षं पत्रं आली, मग तीही बंद झाली.

घरचं माणूस परगावी असलं की त्याचं ताट घरी वाढायचं, ही तिकडची रीत. भात, लोणचं आणि झाकणाच्या वाटीत सूप. जेवणं झाली की झाकण उचलून बघायचं. आत पाण्याचे थेंब दिसले की माणूस जिवंत आहे आणि सुखरूप आहे. सासूबाई रोज झाकण उचलायच्या, थेंब बघायच्या आणि म्हणायच्या, "आहे हो माझा लेक." मिनेको काही खुळी नव्हती. उकळतं सूप झाकलं की झाकणाला घाम येणारच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. एकदा तिनं मुद्दाम थंड सूप वाढलं. झाकण कोरडं निघालं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या ते तीन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. चौथ्या दिवशी मिनेकोनं निमूटपणे सूप उकळून वाढलं, आणि पुढं सासूबाई जाईपर्यंत ते रोज उकळत राहिली.

बरं, माणूस सात वर्षं बेपत्ता असला की कोर्टात अर्ज देऊन त्याला मेलेला ठरवता येतं. बायको मोकळी होते. ती चौतीस वर्षांची असताना पलीकडच्या गावच्या उसामी मास्तरांकडून मागणी घेऊन माणूस आला होता. मास्तर बिजवर होते, पण सज्जन होते, आणि मिनेकोला आवडायचे; आता लाजायचं कशाला. सासूबाई म्हणाल्या, "तोकुमात्सु म्हणेल तसं." तोकुमात्सु चुलीपाशी बसून पाय शेकत होता. म्हणाला, "दादा येईल, वहिनी. गाडी आहे ना अजून." झालं. मास्तरांनी पुढे दुसरीकडे लग्न केलं, आणि मिनेको राहिली ती ना सवाष्ण, ना विधवा.

तोकुमात्सुनं लग्न केलं नाही. वहिनीशी कधी आवाज चढवून बोलला नाही. हिवाळ्यात घराच्या छपरावर पुरुषभर बर्फ साचलेलं असायचं, पण हा गडी आधी ट्रकच्या टपावरचं बर्फ काढायचा. गाव म्हणायचं, भाऊ असावा तर असा. त्या टपाखालची गाडी मात्र त्यानं कधी उघडली नाही, तिला तेल दिलं नाही, टायरमधून निघालेलं कमरेएवढं गवतसुद्धा उपटलं नाही. पुढे गंज मडगार्डावरून दारावर चढला.

गेल्या वर्षी उसामी मास्तर वारले. मिनेको अंत्यविधीला गेली, आणि मास्तरांच्या बायकोला काळ्या कपड्यांत रडताना पाहून परत आली. बर्फ वितळल्यावर नागुमो नावाचा एक पन्नाशीचा गृहस्थ क्रेनचा ट्रक घेऊनच आला. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणं हाच त्याचा धंदा. म्हणाला, "अशा हँडलच्या चारच उरल्यात म्हणे. मी हिला चालती करीन. फक्त कागदावर मालकाचा शिक्का हवा. मालक नसतील तर वारल्याचा दाखला."

"गाडी दादाची आहे," तोकुमात्सुनं सुरू केलं.

"द्या," मिनेको म्हणाली.

तोकुमात्सु वळला. "वहिनी?"

"द्या म्हणते ना. दाखला मी आणते. उद्याच कोर्टात अर्ज टाकते, तुम्हाला विचारत नाही. मरायच्या आधी मला एकदा विधवा व्हायचंय, भाऊजी. थडग्याच्या दगडावर त्याचं नाव घालायचंय, उदबत्ती लावायचीय, रडायचंय. पन्नास वर्षं झाली, मला रडतासुद्धा आलं नाही."

नागुमो बिचारा टोपी हातात घेऊन मातीकडे बघू लागला. तोकुमात्सुचा चेहरा पांढरा पडला होता. "कोर्टात नको," तो म्हणाला. "कोर्टवाले शोध घेतात."

"घेऊ देत."

"सापडेल तो." मग त्यानं खाली बसूनच घेतलं, ओल्या गवतात, बहात्तर वर्षांच्या माणसानं. "मी पाहिलंय त्याला. तोक्योशेजारी, कावासाकी गावात. मीसुद्धा मजुरीला गेलो होतो ना. रस्त्यावर समोरच आला. बरोबर बाई होती, पाठीला पोर बांधलेलं. मला म्हणाला, गाडी विकून टाक आणि घरी सांग, मी मेलो."

"कधी?"

तोकुमात्सुनं मान वळवून गाडीकडे पाहिलं.

"कधी पाहिलंत, भाऊजी?"

"मास्तरांकडून माणूस आला, त्याच्या आदल्या हिवाळ्यात."

मिनेको उभीच होती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, तेही चाळीस वर्षं, रोज तिच्याच हातचं जेवून. तिनं विचारलं, "सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही गेला असतात," तो म्हणाला. "गाडी होती तोवर दादा यायचा होता. दादा यायचा होता तोवर तुम्ही इथं होतात. मी दुसरं काही मागितलं का कधी?"

खरंच, त्यानं काहीच मागितलं नव्हतं. तिला त्या क्षणी त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप आला. मागितलं असतं तर ती नाही म्हणू शकली असती, आणि कदाचित हो सुद्धा. आता काय ते कुणाला ठाऊक.

"नागुमोसान," ती म्हणाली, "उचला ती गाडी. कागद होतील तेव्हा होतील. माझ्या डोळ्यांपुढून हलवा."

"कागदांशिवाय नेता यायची नाही, बाई. पण मोकळी करून ठेवतो."

त्यानं क्रेनचे पट्टे गाडीच्या पोटाखालून घेतले. तासभर गवत कापलं, पुढचं चाक मातीतून मोकळं केलं. क्रेननं हळूहळू ताण घेतला. मागचा भाग वीतभर उचलला गेला आणि करकर करत मधोमध वाकला. सांगाडा आतून पूर्ण गंजला होता. पुढचा भाग, हँडलसकट, तिथंच मातीत बसला. दार निखळून गवतात पडलं.

नागुमोनं क्रेन थांबवली. वाकून खाली बघितलं, बोट लावलं तर पत्र्याचा भुगा हातात आला. "दहा वर्षांपूर्वी दिली असतीत तर उभी केली असती," तो म्हणाला. "पाच वर्षांपूर्वीसुद्धा जमलं असतं कदाचित. आता हिचं काही होणार नाही. माफ करा." त्यानं पट्टे गुंडाळले, वाकून नमस्कार केला आणि रिकाम्या ट्रकनं घाट उतरून गेला.

गवतात दोघंच राहिली. तोकुमात्सु अजून खालीच बसला होता, पँट भिजलेली. त्यानं विचारलं, "वहिनी, आता तुम्ही जाणार?"

मिनेकोनं घाटाकडं पाहिलं. माहेरी कुणी उरलं नव्हतं. मास्तर नव्हते. नवरा कुठं तरी जिवंत असेल किंवा नसेल, आणि ती त्याची बायको नव्हती, विधवाही नव्हती. गुडघे दुखत होते.

"कुठं जाऊ?" ती म्हणाली. "उठा. थंडी बाधेल."

त्यानं आधारासाठी हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. तो आपणच, धडपडत, उठेपर्यंत ती तिथं उभी राहिली, आणि मग दोघं एकापाठोपाठ एक घरात गेली.