सरांचं टेबल

वहिनींना इंग्रजी येत नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं कधी काही अडलंही नव्हतं. नवरा इंग्रजी शिकवणारा, तेही घरातच, पुढच्या खोलीत. वहिनी मागे स्वयंपाकघरात, मशीनवर लोकांचे पडदे शिवत बसलेल्या. मध्ये एक भिंत. सर अधूनमधून म्हणायचे, "अगं, येऊन बस की वर्गात. फुकट शिकवीन." वहिनी दोऱ्याचं टोक दाताने तोडत म्हणायच्या, "माझ्या घरात सगळं जागच्या जागी असतं. मला नाही लागत तुमचं ते आत-बाहेर, वर-खाली." झालं, विषय मिटला.

आता हे आत-बाहेर, वर-खाली काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. सरांकडे शाळेतली पोरं नसायची. दिवसभर राबून आलेली मोठी माणसं यायची. नर्स, वायरमन, बसचा ड्रायव्हर, कोपऱ्यावरचा बेकरीवाला. कुणाला बढती हवी, कुणाला नुसतीच हौस. पण सगळ्यांचं घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. इन, ऑन, अंडर, बिहाइंड, बिट्वीन. आपल्याकडे हे शब्द नावाच्या शेपटाला गुमान चिकटून येतात, टेबलावर, टेबलाखाली. तिकडे ते आधी येऊन ऐटीत उभे राहतात, आणि कुठला कुठे उभा करायचा हे कळता कळता माणूस रडकुंडीला येतो.

सर म्हणायचे, "हे पाठ करून येत नाही. अंगात मुरावं लागतं." म्हणून त्यांनी आपली एक तऱ्हा काढली. अंडर शिकायचं तर टेबलाखाली जाऊन बसायचं. बिहाइंड म्हणजे दाराच्या मागे. ऑन आलं की खुर्चीवर चढायचं, आणि बिट्वीनसाठी दोन कपाटांमधल्या फटीत शिरायचं. पोट सुटलेलं असो की गुडघे दुखत असोत, सुटका नाही. बेकरीवाला म्हणजे अगडबंब माणूस. तो एकदा टेबलाखाली असा अडकला की वर्गाने मिळून टेबल उचललं तेव्हा बाहेर आला. तेही त्याच्याकडून अख्खं वाक्य बरोबर वदवून घेतल्यावर!

तास सुरू व्हायचा तोही असाच. सर खोलीत कुठेतरी जाऊन उभे राहायचे. दारातून येणाऱ्याने विचारायचं, "व्हेअर इज सर?" आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. चुकलं की सरांच्या उजव्या हाताचं बोट वर. ओरडणं नाही, रागावणं नाही, नुसतं बोट. पण चूक झाली आणि बोट खालीच राहिलं, असं या माणसाच्या हातून कधी झालं नाही. लेकीच्या लग्नाची छापील पत्रिका हातात आली तेव्हा व्याह्यांच्या तोंडासमोर बोट वर! लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

वहिनींना यातलं काही दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. धप्पकन डोकं आपटलं की अंडर. दार करकरलं की बिहाइंड. खुर्ची कुरकुरली की ऑन. बिट्वीन म्हटलं की मात्र हमखास हशा. त्यामुळे तो शब्द जरा चावट असणार, असंच त्या कित्येक वर्षं धरून चालल्या होत्या आणि लेकीसमोर तो चुकूनही उच्चारत नव्हत्या.

मग सरांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. जीव वाचला म्हणून दवाखान्यात सगळ्यांनी हुश्श केलं, पण घरी जो माणूस आला तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा तो बसूनच राहायचा. तोंडातून चकार शब्द नाही. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई यायच्या, चित्रांचे पत्ते घेऊन. सफरचंद, मांजर, चेंडू. सर मान फिरवून घ्यायचे. ज्याने अर्ध्या गावाला बोलायला शिकवलं त्याच्यापुढे मांजराचं चित्र नाचवायचं, राग येणार नाही तर काय! बाई भली होती बिचारी. जाताना वहिनींना म्हणाली, "त्यांनाच बोलावंसं वाटायला हवं. ते मी नाही देऊ शकत."

बेकरीवाला तेवढा रोज यायचा, पाव द्यायला. दारातूनच सवयीने हाळी द्यायचा, "व्हेअर इज सर?" वहिनी आतून म्हणायच्या, "खुर्चीत. जातायत कुठे!" आणि पाव घेताना त्याच्याकडे बघायच्या नाहीत, कारण त्याचे डोळे भरलेले असायचे आणि त्यांचेही.

लेक आली, तिने खोलीची मापं घेतली. तिचं काही चुकत नव्हतं. दवाखान्यातल्यासारखी कॉट आणायची तर टेबल काढावंच लागणार होतं. "आई, रविवारी टेम्पो येईल. टेबल आणि बाकं घेऊन जाईल," ती म्हणाली. वहिनी पदराने टेबलावरची धूळ पुसत राहिल्या. "आई, बाबांचा वर्ग आता भरणार आहे का? खरं सांग मला." वहिनींना खरं सांगता येईना आणि खोटं बोलवेना. त्यांनी शिवायला घेतलेला पडदा उगाच उसवला. सरांनी सगळं ऐकलं होतं. ते टेबलाकडे बघत होते, आणि त्या नजरेने वहिनींच्या काळजाचं पाणी झालं. टेबल गेलं की हा माणूसही मनाने गेला, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी त्या पुढच्या खोलीतच शिवायला बसल्या. घर खायला उठतं म्हणून आपल्याशीच बडबड चालली होती. "रीळ कुठे गेलं बाई? हं, कपाटावर. काय तुमचं ते... अंडर कपाट."

खुर्ची हलली. वहिनींनी वळून पाहिलं. सरांचा डावा हात वर आला होता. वेडावाकडा, पण बोट वर.

वहिनींनी नुकतंच काढून घेतलेलं रीळ हातातून पडलं आणि घरंगळत गेलं. त्यांनी खरोखरीच चूक केली होती, पण त्या दिवसापासून त्यांनी ठरवून चुकांचा सपाटा लावला. दाराआड उभं राहून "ऑन द दार!" खुर्चीवर बसून "बिहाइंड!" लाज सोडून फटीत शिरून "अंडर द कपाट!" दर वेळी बोट वर जायचं. सरांचे ओठ हलायचे, कपाळावर शीर उठायची, आणि शब्द काही यायचा नाही. मग ते त्याच हाताची मूठ खुर्चीवर आपटायचे. वहिनी मागे स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडायच्या. अहो, आपण या माणसाला छळतोय की काय? पण थांबावं तर रविवार जवळ येत होता.

रविवार उजाडला. वहिनींनी पदर खोचला आणि टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. गुडघ्यांनी त्यांना केव्हाचाच दगा दिला होता, पण आता नाही तर कधीच नाही. हाश्श-हुश्श करत त्या खाली वाकल्या, रांगत टेबलाखाली शिरल्या आणि तिथून ठणकावून म्हणाल्या, "अहो! मी ऑन द टेबल!"

त्यांनी टेबलाच्या पायावर थाप मारली.

"ऐकलंत का? ऑन द टेबल बसलेय मी!"

बोट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बाहेर डोकावायला मान उचलली आणि धप्प! डोकं असं आपटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला तो आवाज आज त्यांच्याच डोक्याचा निघाला. उठायला गेल्या तर गुडघा जाम. "आई गं," त्या कळवळल्या. मग काही सुचेना म्हणून तिथेच बसून त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. टेबलासाठी, सरांसाठी, आणि फुकट मिळत असताना न घेतलेल्या शिकवणीसाठी.

खुर्ची कुरकुरली. काहीतरी जड घसरल्याचा आवाज झाला. वहिनींना आधी वाटलं, पडले! पण सर पडले नव्हते. उतरले होते. डाव्या हातावर भार देत, मेलेला पाय मागे ओढत, फरशीवरून ते इंच इंच सरकत येत होते. टेबलाखाली पोचले तेव्हा घामाने चिंब झाले होते. त्यांनी वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला. टेंगूळ चाचपलं. मग तोच हात वर उचलला, आणि टेबलाच्या पोटाला बोट टेकलं.

"चुकलं का माझं?" वहिनींनी नाक पुसत विचारलं. सरांनी मान डोलावली. ओठ हलले, शीर उठली.

तेवढ्यात दारात हाळी आली, "व्हेअर इज सर?"

वहिनी सवयीने "खुर्चीत" म्हणणार, तोच शेजारून एक आवाज आला. गंज चढलेला, तुटका, पण त्यांच्या माणसाचा.

"अं... अंडर."

बेकरीवाल्याच्या हातातले पाव पडले. तो दारातच गुडघ्यांवर बसला आणि वाकून बघू लागला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला, आणि अर्धवट उत्तर सोडून देणं त्यांच्या रक्तातच नसल्यामुळे वाक्य पुरं केलं. "द... टे... बल."

बेकरीवाला हमसून हमसून रडला. वहिनी हसत होत्या की रडत होत्या, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता आणि सर दमून त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून बसले होते.

फोन वाजला. बेकरीवाल्याने तो खाली आणून दिला. लेक बोलत होती. "आई, टेम्पो निघालाय. टेबल तेवढं मोकळं करून ठेव."

"परत पाठव त्याला," वहिनी म्हणाल्या.

"अगं पण का?"

"टेबलाखाली सर बसलेत," वहिनी म्हणाल्या. "वर्ग चालू आहे."