मागच्या दाराचा अडसर

चोरी झाल्यावर कारखान्याची सुरक्षा तपासून घेणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी निदान दहा जणांनी सांगितलं. अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे. पुढे घर, मधे माग, मागे गोदाम. बार्शीच्या व्यापाऱ्यासाठी बांधून ठेवलेले गठ्ठे एका रात्रीत गोदामातून गेले. कुलूप तुटलेलं नव्हतं की पत्रा उचकटलेला नव्हता. मागच्या दाराचा लोखंडी अडसर तेवढा आतून काढून भिंतीला नीट टेकवून ठेवला होता. म्हणजे दार आतल्याच कुणीतरी उघडलं होतं.

माझा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुण्याला माल पोचवून टेम्पो घेऊन परत येताना टेंभुर्णीच्या पुढे अपघात झाला आणि तो घरी आला तो शववाहिकेतून. कारखाना माझ्या गळ्यात पडला. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. मी खंबीर वगैरे काही नव्हते. चिडलेली होते, आणि चिडलेल्या बाईला लोक खंबीर म्हणतात एवढंच.

विम्याच्या माणसाने जागा कुणा जाणकाराकडून तपासून घ्यायला सांगितलं, म्हणून एका निवृत्त फौजदाराला बोलावलं. पोट सुटलेलं, पण डोळे घारीचे. त्याने मला थेट मागच्या बोळात नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "बाई, आता तुम्ही चोर आहात असं समजा. कुठनं शिराल?"

मी आधी हसले. मग बघायला लागले. भिंतीला लागून पाण्याचं जुनं पिंप होतं, त्यावर पाय ठेवला की भिंत कमरेएवढी. भिंतीवरून लिंबाची फांदी थेट गोदामाच्या पत्र्यावर आलेली. मीटरच्या फळीवर जादा किल्ली, कुणाचाही हात पोचेल अशी. बोळातला दिवा कित्येक महिने गेलेला. अर्ध्या तासात मी माझ्याच कारखान्यात सात ठिकाणांहून शिरून दाखवलं असतं.

फौजदार एकेक गोष्ट सांगत गेला. पिंप हलवा, फांदी छाटा, किल्ली घरात ठेवा, भिंतीवर काचा लावा, कॅमेरे बसवा. मी मान डोलावत होते. पिंप नवऱ्याने तिथे ठेवलं होतं, त्यावर चढून शेजारच्या कारखानदाराशी गप्पा मारायला. फांदी त्यानेच छाटू दिली नव्हती, हमालांना दुपारी सावली हवी म्हणून. किल्ली त्याचीच, कारण तो दर आठवड्याला एक किल्ली हरवायचा. ज्याला मी आयुष्यभर वेंधळा म्हणून भांडले, त्याच्या सगळ्या सवयी हा परका माणूस धोके म्हणून मोजत होता. मला त्या फौजदाराचा राग आला. नवऱ्याचा त्याहून जास्त आला.

शेवटी त्याने दोन गोष्टी ठासून सांगितल्या. मागचं दार विटांनी बुजवून टाका, आणि वॉचमन बदला. दार आतून निघालंय, रात्री आत तोच असतो, आणखी काय पुरावा हवा?

मागचं दार म्हणजे टेम्पोचं दार. बोळात गाडी लावून माल तिथूनच चढायचा-उतरायचा. आता टेम्पोही नव्हता आणि चालवणाराही. बुजवायला माझी काहीच हरकत नव्हती. हरकत घेतली मामांनी.

मामा म्हणजे माझे सासरे. ऐंशी ओलांडलेली, गुडघे गेलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की कान बहिरे. कामगार गेले की दिवेलागणीला काठी टेकत गोदामात जायचे आणि तिथल्या कोनाड्यातल्या देवापुढे दिवा लावून यायचे, एवढंच त्यांचं काम उरलं होतं. पिंप हलवलं, फांदी छाटली, ते काही बोलले नाहीत. दाराचं ऐकलं आणि म्हणाले, "दार बुजवायचं न्हाय."

"का पण?"

"म्या जित्ता हाय तवर न्हाय."

कारण विचारलं की काठी उचलून चालू लागायचे. म्हातारपणी हट्ट वाढतो तसला प्रकार, असं म्हणून मी दात-ओठ खाल्ले. गवंड्याला शनिवारी यायला सांगून ठेवलं, मामांना न विचारता. वॉचमनलाही सांगितलं, शनिवारपर्यंत खरं काय ते सांग, नाहीतर हिशेब करून जा.

वॉचमन रडकुंडीला आला. "आईची आन बाई, म्या अडसराला हात लावला न्हाय."

"मग काढतं कोण? भूत?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमी रागवू नका. मालक येत्यात. पोरं बी तेच म्हणत्यात."

मी त्याच्यावर एवढी ओरडले की माग चालू असूनही पलीकडच्या बायकांनी माना वळवल्या. पण खरं सांगायचं तर गोष्ट तशीच होती. साडेपाचला मी स्वतः अडसर लावायचे. जड होता, मला दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. आणि सकाळी तो काढून भिंतीला टेकवलेला असायचा. चोरीआधी तिकडे कुणी बघतच नव्हतं; आता बघायला लागले तर रोज तेच. कॅमेरे यायला अजून आठवडा होता. कुलूप घाला म्हणून फौजदार फोनवर खेकसला. मी म्हटलं, कुलूप घातलं तर चोर कळणार कसा? स्वतः पाळत ठेवून बसले असते तर एका संध्याकाळी उलगडा झाला असता. मी बसले नाही. त्या दिवसांत गोदामात शिरलं की पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. मला भीती वाटत नव्हती. वळून पाहिलं की कुणी नसायचं, त्याचं वाईट वाटायचं.

शुक्रवारी मी एक युक्ती केली. सुताला लावायच्या खळीसाठी आणलेला मैदा होता. कामगारांची निघायची वेळ झाली तेव्हा मागच्या दारापासून आत चार-पाच हात मी मैद्याचा पातळ थर पसरला. जो येईल त्याचं पाऊल उमटेल, साधा हिशेब. मैदा पसरून उठले तर शिलाईवरच्या बायका जिथल्या तिथे थांबलेल्या. एकीने पदर तोंडावर धरला होता. त्यांच्यातली थोरली, घरी तेलुगू बोलणारी, हळूच म्हणाली, "बाई, आमच्यात बी असंच करतेत."

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलंय ते. माणूस गेला की तो जिथे निजवला होता तिथे दिवा लावतात, पीठ पसरतात, वर टोपली झाकतात. मग बघतात काय उमटलंय. पक्ष्याचं पाऊल, मुंगीची ओळ, माणसाचं पाऊल. गेलेला कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणे. नवऱ्याच्या वेळीही पीठ पसरलं होतं. टोपली काढली तेव्हा ते पसरलं तसंच होतं, एक ओरखडासुद्धा नाही. बाकीचे काहीबाही बोलून उठले. मामा मात्र म्हणाले होते, "पोचला न्हाय अजून." मी तेव्हा ते दुःखातलं बोलणं समजून सोडून दिलं होतं.

बायकांना मी म्हटलं, "चोरासाठी आहे हे, घरी जा." त्या गेल्या, पण पिठाला वळसा घालून.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी गोदामात गेले. अडसर भिंतीला टेकवलेला होता. पिठात पावलं होती. वहाणांची, उजवा पाय ओढत चाललेली, आणि प्रत्येक पावलाशेजारी काठीच्या रबराचा वाटोळा ठसा. उंबऱ्यापाशी दोन्ही पावलं जोडून, बाहेर तोंड करून. तिथलं पीठ चेपून घट्ट झालं होतं. बराच वेळ कुणीतरी तिथे उभं होतं.

मी पुसून टाकलं असतं, पण तोवर वॉचमन आला, बायका आल्या, आणि मागून काठी वाजली. कुणीतरी मामांना पिठाचं सांगितलं होतं. इतक्या घाईने चालताना मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. पिठाच्या कडेला येऊन थांबले, डोळे बारीक केले, आणि त्यांना काही दिसेना.

"काय उमटलंय गं पोरी?"

सगळ्यांना दिसत होतं. थोरली बाई माझ्याकडे बघून मान हलवत होती, सांगू नको म्हणून. खोटं बोलणं किती सोपं होतं! पण शनिवार होता. गवंडी बाहेर विटा उतरवत होता आणि वॉचमन हात जोडून उभा होता.

"तुमचीच आहेत मामा. तुमच्या वहाणा आणि काठी."

"ती असतीलच. आनि?"

"आणखी काही नाही."

"नीट बघ. तुला चष्मा लागतो की."

मी वाकले. पुन्हा बघितलं, खरंच बघितलं. "नाही मामा. दुसरं कुणाचं नाही."

त्यांनी दोन्ही हात काठीवर ठेवले. मग म्हणाले, "टेंभुर्णी सोडली की फोन करायचा त्यो. मागचं दार काढून ठेव म्हनायचा. त्या दिशी बी आलता फोन. म्या काढून ठेवलं. मग रोजच काढत आलो." दाराकडे तोंड करून म्हणाले, "लई हळू चालवायची सवय न्हवती त्याला. येवढा उशीर करायचा न्हाय." आणि वळता वळता, वॉचमनकडे न बघता, "ह्याला घालवू नगं. बोलीव त्या गवंड्याला. बुजव आता."

त्यांची काठी घरापर्यंत वाजत गेली. मी अडसर उचलायला गेले आणि माझ्याने तो उचलेना. वॉचमनने पुढे होऊन लावला. त्या सकाळी मी पहिल्यांदा रडले, सगळ्यांदेखत, मैद्यात बसून.

लोकांना आजही मी सांगते की पीठ चोरासाठी पसरलं होतं. मामांनी नीट बघ म्हणायच्या कितीतरी आधी मी नीट बघून घेतलं होतं, पहाटे, एकटीने, गुडघ्यांवर बसून. काठीचे ठसे मला मागाहून दिसले. आधी मी नवऱ्याचं पाऊल शोधत होते.