केळसकर मास्तरांची खरखर

हर्णे बंदरात केळसकर मास्तरांना नमस्कार करणारे पुष्कळ होते, पण त्यांच्या दुकानाचा जिना खुशीने चढणारा एकही नव्हता. चढायचं ते सेट बिघडला म्हणून आणि उतरायचं ते चारचौघांत स्वतःची अक्कल काढून घेऊन. बरं, दुसरीकडे जावं म्हटलं तर बोटीवरचा वायरलेस सेट दुरुस्त करणारा दुसरा माणूस आसपास नाही. त्यामुळे मास्तरांचं तोंड हे बंदराला चुकवता येत नव्हतं.

मास्तर मूळचे केळशीचे. तरुणपणी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. पांढरा गणवेश, कप्तानाच्या पंक्तीला जेवण. पुढे उपग्रह आले, जहाजांना रेडिओ ऑफिसर नकोसा झाला आणि चाळिशीच्या आतच मास्तर ट्रंक घेऊन घरी आले. कंपनीचा तो राग त्यांनी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं हर्णेवर काढला. कंपनी त्यांच्या हाताला लागत नव्हती, हर्णे लागत होतं, एवढंच हर्णेचं पाप.

दुकान वरच्या आळीत, चढावर. टेबलावर त्यांनी स्वतः जोडलेला रिसिव्हर दिवसभर चालू असायचा आणि त्यातून दिवसभर खरखर यायची. इतरांच्या सेटवर एक बटण पिळलं की ही खरखर दबते आणि कोणी बोललं तरच आवाज येतो. मास्तर ते बटण कधीच पिळायचे नाहीत. "खरखर ऐकवत नसेल त्याने देवळात जाऊन बसावं," म्हणायचे. गावाने मग त्यांचं नावच खरखर मास्तर ठेवलं. तोंडावर म्हणायची हिंमत अर्थात कोणाची नव्हती.

गिऱ्हाइकांचे प्रकारही मास्तरांच्या तिरस्काराला खतपाणी घालणारेच. एक यायचा, "मास्तर, पावर वाढवून द्या, पार मुंबईपर्यंत गेला पायजे." दुसऱ्याने एरियलला लिंबूमिरची बांधलेली. तिसऱ्याचा सेट बोलेना म्हणून त्याने नारळ सोलायच्या कोयत्याच्या मुठीने दोन हाणलेले, आणि वर म्हणतो, "आधी बोलायचा हो." मास्तर सेट उघडायचे, आतली वाताहत बघायचे आणि समोरच्याकडे असं बघायचे की त्याने मुकाट्याने खाली मान घालावी. दुरुस्ती मात्र अशी करायचे की तिला कोणी नावं ठेवू शकत नव्हतं. नावं ठेवायचा हक्क त्यांनी स्वतः एकट्याकडे ठेवला होता.

मथुरेशी त्यांचं वाजलं ते नारळी पौर्णिमेवरून. मथुरा ही बंदरावरची खमकी बाई. नवरा गेल्यावर बोट विकली नाही, मुलगा सर्वेश याला तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, केलं आणि मासळीच्या लिलावात स्वतः उभी राहू लागली. पौर्णिमेला बोटीची पूजा करताना ती इंजिनाला हळदकुंकू लावायची, सुकाणूला लावायची, आणि सेटच्या माइकलाही लावून वर नारळाचं पाणी ओतायची. चार दिवसांत माइक मुका. पहिल्या वर्षी मास्तरांनी त्यातला सडलेला भाग बदलला आणि तिला गाढव म्हटलं. दुसऱ्या वर्षी बदलला आणि तिच्या माहेराचाही उद्धार केला. यंदा तिसऱ्यांदा सर्वेश माइक घेऊन आला, तेव्हा त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"ज्या देवाला पाणी पाजलंत, त्यालाच हा बोलता करायला सांगा," ते म्हणाले, आणि जिन्याकडे बोट दाखवलं.

मथुरा भडकली. "ऐकू तर येतोय ना? मोबाइल हाय. जा तू," तिने लेकाला सांगितलं. बोट मुक्या माइकनेच समुद्रात गेली. मास्तरांना मनातून बरं वाटलं. बाईला एकदा अद्दल घडायलाच हवी होती.

अद्दल घडायची वेळ घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आली. सकाळीच वाऱ्याचा इशारा आला आणि अकरा वाजेपर्यंत बंदरातल्या बोटी एकेक करून परतल्या. फक्त मथुरेची आली नाही. किनाऱ्यापासून पंधरा-वीस मैलांवर मोबाइलचा काय उपयोग? मथुरा पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, उभी होती. मास्तरांकडे यायला तिचे पाय उचलत नव्हते, आणि मास्तरांना खिडकीतून ती दिसत होती.

बाराच्या सुमारास बाळा तांडेल आपला सेट घेऊन दुकानात आला होता. मास्तर त्याला नेहमीप्रमाणे फाडून खात होते आणि मध्येच गप्प झाले. खरखर थांबली होती. दोन क्षण अगदी शांत, मग पुन्हा खरखर. पुन्हा शांत.

"सेट गेला तुमचा, मास्तर," बाळा जरा आनंदाने म्हणाला.

"गप्प बस, मूर्खा! कोणीतरी बटण दाबतंय."

मास्तरांनी ते ऐकताच ओळखलं होतं. सेटच्या आत एक मंडल, म्हणजे सर्किट, असतं, ते नुसती लहर तयार करतं. माणसाचा आवाज माइकमधून येऊन त्या लहरीवर चढतो, होडीत मासळी भरावी तसा. माइक मेला तरी बटण दाबलं की लहर निघतेच, फक्त होडी रिकामी येते. ती आली की खरखर दबते. इतरांच्या सेटवर खरखर आधीच दाबलेली, त्यामुळे अख्ख्या बंदराला काही कळलं नव्हतं. एक हिरवा दिवा लागला असेल फार तर, आणि तो कोण बघतो?

त्यांनी रिसिव्हरच्या काट्याकडे पाहिलं. तो मधल्या रेघेपासून दोन घरं डावीकडे सरकून थांबला होता. प्रत्येक सेटची लहर नेमक्या जागी बसते असं नाही, कोणाची केसभर खाली, कोणाची वर. मास्तरांच्या वहीत सगळ्यांचं टिपण होतं. दोन घरं डावीकडे एकच सेट होता, मथुरेचा. मास्तर घाबरले होते, आणि आपण का घाबरलो हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

त्यांनी आपला माइक ओढला. "सर्वेश, मी केळसकर. हो असेल तर एकदा दाब, नाही असेल तर दोनदा. तूच आहेस?"

खरखर एकदा थांबली.

"इंजिन बंद पडलंय?" एकदा. "पाणी शिरलंय आत?" मोठा विराम. मग एकदा. बाळाने आपला सेट खाली ठेवला.

"आता नीट ऐक. जीपीएसवरचे अंश मला माहीत आहेत, फक्त मिनिटांचे आकडे हवेत. जेवढा आकडा, तेवढ्या वेळा दाबायचं. शून्याला लांब दाबून धरायचं. आधी उत्तरेचे दोन."

खरखर तीनदा तुटली, मग आठदा. "घाईने दाबू नको, रे गाढवा, मोजता येत नाही! पुन्हा!" मास्तर ओरडले आणि पेन्सिल कागदावर टेकवून बसले. पुन्हा तीन, पुन्हा आठ. पूर्वेचे पाच आणि एक लांबलचक शून्य. बाळा कागद घेऊन जिना एका दमात उतरला आणि बोट काढायला धावला. मास्तर पुढचे अडीच तास, बाळाची बोट तिथे पोचेपर्यंत, टेबलापासून हलले नाहीत. दर दहा मिनिटांनी विचारायचे, "आहेस?" आणि खरखर एकदा थांबायची. एकदा थांबायला उशीर झाला, तेव्हा मास्तरांनी कोणालाही ऐकू येणार नाही अशा आवाजात देवाचं नाव घेतलं.

सांज होता होता बाळाची बोट मथुरेच्या बोटीला दोराने ओढत आली. सर्वेश आणि त्याचे तिघे खलाशी, चौघेही धडधाकट होते. किनाऱ्यावर लिलाव रंगात आला होता. मास्तर वर एकटे, जरा फुगून बसले होते. आता बाई येईल, रडेल, चूक कबूल करेल. मग काय काय बोलायचं तेही त्यांनी जुळवून ठेवलं होतं.

मथुरा आली. हातात तोच माइक. आल्याआल्या वाकून पाया पडली.

"मास्तर, पोर परत आणलात माजा. जन्मभर इसरणार नाय," ती म्हणाली. मग उभी राहिली. "आता एक इचारते. पाणी आत गेला की माइक मरतो, असा मला आज बाळाने सांगितलान. खरा काय?"

"मग? शेंबड्या पोरालाही कळेल."

"मला नव्हता कळला. मला वाटायचा, माइकच हलका हाय, टिकत नाय. म्हणून दर वर्साला जास्त पाणी घालत होते, देवा, ह्याला टिकव म्हणून. तीन वर्सं तुमी माजी अक्कल काढलीत, मास्तर. एकदा तरी सांगितलात, की मथुरे, ह्याच्यावर पाणी ओतू नको?"

मास्तरांनी जुळवून ठेवलेलं सगळं जिभेवरच होतं. त्यांनी आठवून पाहिलं. गाढव म्हटलं होतं. माहेर काढलं होतं. जिना दाखवला होता. तेवढं एक वाक्य मात्र तीन वर्षांत कधी बोलले नव्हते. ते बोलायला गाढव म्हणण्याइतकाच वेळ लागला असता.

"बस," ते म्हणाले. "उघडून दाखवतो."

"मला एकटीला नको. समदे तांडेल खाली हायत, लिलावाला. माज्यासारख्या पाणी घालणाऱ्या आजून धा जणी हायत."

मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, माइक उचलला आणि मथुरेच्या मागोमाग जिना उतरले. इतक्या वर्षांत ते लिलावाच्या पुळणीवर कधी गेले नव्हते. त्यांना येताना पाहून दोन तांडेल, बोलणी खायला नकोत म्हणून, सवयीने पाठ फिरवून उभे राहिले.