जिताड्याच्या तळ्यात मीठ

“सात गोण्या मीठ टाकून खाडी होत असती, तर अख्ख्या पेठ तालुक्यानं घरोघर खाडी केली असती,” कुसाबाई म्हणाली. नवरा, बहिरू, ऐकलं न ऐकल्यासारखं करून आठव्या गोणीचं तोंड सोडायला वाकला. कुसाबाई त्या गोणीवरच बसली.

तीन वर्षांमागे, २००१ साली, भाताची लावणी उरकून दोघं पेणच्या खाडीवर मजुरीला गेली होती. येताना बहिरूने जिताडा माशाची बोटाएवढी पिल्लं कॅनमध्ये आणून शेतातल्या लहानशा तळ्यात सोडली. मोठ्यांनी धाकटी गिळली, काही थंडीने गेली, उरली ती हातभर झाली. गोड्या पाण्यात जिताडा वाढतो, एवढं खरं. पण बहिरूला आता अंडी हवी होती. पिल्लं विकणार, असं तो गावभर सांगून बसला होता. अंडी येईनात, तेव्हा त्याने ठरवलं की पाण्यात मीठ कमी पडतं.

खाडीवर कुसाबाईने तिथल्या आगरी बायकांच्या हाताखाली मासे साफ केले होते. त्यांनी तिला पोटं उघडून दाखवली होती. जिताडा आधी नर असतो. पाच-सहा वर्षांचा झाला की त्याची मादी होते, आणि ती अंडी घालते नदीच्या मुखाशी, भरतीच्या खाऱ्या पाण्यात. हे तिने पहिल्याच वर्षी सांगितलं. बहिरूने ते पारावर हसत हसत सांगितलं, आणि पुढे वर्षभर बाया तिला विचारत राहिल्या, बहिऱ्याला लुगडं कधी नेसवतेस?

ते तिने पचवलं. मीठ पचणारं नव्हतं. तळ्याच्या बांधातून पाझरलेलं पाणी खालच्या खाचरात उतरत होतं, आणि बांधालगतच्या दोन ओळी भाताचे शेंडे करपले होते. खाचर तेवढं एकच. वर्षाचं खाणं त्यातलं.

बहिरूचं म्हणणं, कीड पडली. ती गोणीवरून उठली आणि पाझराचं पाणी ओंजळीत धरून तिने थोरल्या महेशला चाखायला लावलं. तो थुंकला आणि बापाकडे न बघता म्हणाला, “खारट हाय.”

“मग मासे विकून तळं मोडायचं,” कुसाबाई म्हणाली.

“श्रावणात मासा कोण घेतो?” बहिरूचा आवाज उतरला होता.

“भद्रकालीच्या बाजारात श्रावण न पाळणारे घेणारे हायेत. आज जाळं टाकायचं. महेश, तू ओढ्याच्या अंगाला चर काढ, तळं रिकामं करायचं; खाचरात थेंब नको. मी उद्या पहिल्या एस.टी.नं मासे घेऊन नाशिकला जाते.”