चाई लागली म्हणून सांगितलं

"पदर काढ," गिरणीचा वकील म्हणाला. भर कोर्टात. गोऱ्या मॅनेजरला 'आपण' आणि मला 'तू'.

मी डोक्यावरचा पदर काढला. मागं बाकावर नवरा बसलेला, सासरे बसलेले. सासऱ्यांसमोर मी उघड्या डोक्यानं कधी भाकरीसुद्धा वाढली नव्हती. डाव्या बाजूला कपाळापासून कानामागपर्यंत एक केस नाही. नुसतं चामडं, ताणलेलं, गुलाबी. कान वर ओढला गेलेला. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. कुणीतरी हसलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"ही चाई आहे," वकील म्हणाला. "चाईनं केस गेले हिचे. गिरणीचा काय संबंध?"

आता खरं सांगते. परळच्या एका गिरणीत मी रिळाच्या खात्यात होते. सुताच्या लडी करायच्या. आम्हा बायांवर एक नायकीण होती. साचा, म्हणजे यंत्र, थांबवला तर काम बुडतं, म्हणून चालत्या साच्याखालीच ती झाडू मारायला लावायची. नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. त्या दिवशी मी वाकले आणि अंबाडा सुटला. साच्याच्या फिरत्या पट्ट्यानं केस धरले. पुढचं आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो, कापड फाडतात तसा.

नायकिणीनं मला मागच्या दारानं बैलगाडीत घालून लालबागला आमच्या चाळीत आणलं. केस चिंधीत बांधून सासूच्या हातात दिले. "बोलू नका कुठं," म्हणाली, "बरी झाली की घेते हिला परत." कसली घेतेय!

सासूनं जखमेवर हळद दाबली. डॉक्टर नाही, इस्पितळ नाही. कुणी करणी करील या भीतीनं केस वरळीच्या समुद्रात सोडून आली. मग माझ्या उशाशी बसली.

"चाई लागली म्हणान सांग," म्हणाली. "चाईचे केस परत येतत. चेडवाचा लगीन जुळताहा. साच्यान सोललेली सून घरात आसा म्हणान कळला तर सोयरे पाठ फिरवतीत."

चेडू म्हणजे तिची लेक, माझी नणंद. मी मान हलवली. सगळा दोष सासूवर ढकलणार नाही मी. मलाही तेच हवं होतं. नवरा धडधाकट असताना बोडक्या डोक्याची बाई! हळदीकुंकवाला कोण बोलावणार होतं मला? नळावर शेजारची भागी विचारायची, "काय गो झालं डोक्याला?" मी हसून सांगायचे, "चाई लागली गो मेली." हसून! आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

नणंदेचं लग्न झालं. केस काही आले नाहीत. मला कामावर कुणी घेईना. तेव्हा नवऱ्यानं गिरगावातला एक वकील गाठला. तरुण होता, भला होता. नुकसानभरपाईचा दावा लावू म्हणाला.

"तुटलेले केस ठेवलेत?"

"नाही."

"डॉक्टरचा कागद?"

"नाही."

"तेव्हा लोकांना काय सांगितलंत, बाई?"

"काहीच नाही सांगितलं," मी म्हणाले. चाईचं बोलायची लाज वाटली. ज्यानं माझी बाजू मांडायची, त्याच्यापाशीच मी खोटं बोलले.

आणि कोर्टात गिरणीनं साक्षीला कुणाला आणावं? भागीला. भागीला कुणी विकत घेतलं नव्हतं, हे मी आजही सांगीन. तिनं शपथ घेतली आणि ऐकलं होतं तेच सांगितलं.

"हिनंच सांगितलं मला, चाई लागली म्हणून. मी कशाला खोटं बोलू?"

आमचा वकील माझ्याकडे बघत राहिला. मग खाली मान घालून कागद गोळा करायला लागला.

मी ओरडले, "खोटं सांगितलं हो मी! लाज वाटली म्हणून सांगितलं!"

दुभाष्यानं ते न्यायाधीश साहेबाला सांगितलं. साहेबानं पेन खाली ठेवून काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतात," दुभाषी म्हणाला, "तेव्हा खोटं बोललीस, तर आज खरं बोलतेस कशावरून?"

ज्या बायांनी डोळ्यांनी बघितलं होतं, त्या सगळ्या अजून गिरणीच्याच पगारावर होत्या, साक्षीला एकही आली नाही. दावा काढून टाकला.

कोर्टाच्या जिन्यावर मॅनेजर आमच्या शेजारून उतरला, वकिलाशी गप्पा मारत. तो कशाला शरमेल? साचा त्याचा, पट्टा त्याचा. शरमले मी. इतकी शरमले की त्याचा पुरावा मीच तयार करून दिला, चाळीतल्या घराघरांत, स्वतःच्या तोंडानं. माझ्या अंगाचा नुसता संताप झाला. गिरणीचा आला, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा.

परवा त्याच खात्यातल्या काशीचा दंड पट्ट्यानं सोलला. नायकीण तिच्या आईला पढवून गेली, "चुलीवर भाजली म्हणून सांगा." कळल्याबरोबर मी धावत गेले. आई हळद कालवत होती. मी तिचा हात धरला.

"आधी डॉक्टर," म्हटलं. "त्याच्याकडून कागद घ्यायचा. रक्ताची चोळी धुवायची नाही, मला द्यायची. आणि चाळीत आजच्या आज खरं सांगायचं, दारोदार जाऊन."

आई रडायला लागली. "पोरीचं लगीन कसं होईल गो?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणाले. खरंच ठाऊक नव्हतं.

काशीला गाडीत घालून मी इस्पितळात नेलं. चोळी माझ्या ट्रंकेत आहे, आणि चाळीत दारोदार खरं सांगून झालंय. दावा लागेल तेव्हा गिरणीचा वकील विचारीलच, हिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय सांगितलं. त्याला उत्तर द्यायला साक्षीच्या पिंजऱ्यात मी उभी राहणार आहे.